रावबहादूर पारसनीस आणि आपली दप्तरे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी, साताऱ्यास राहून आमच्या तंजावर प्रांताचा इतिहास लिहिणाऱ्या एका संपादकाचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते. ते म्हणजे रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६).

१८८७ साली, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'महाराष्ट्र कोकिळ' हे मासिक सुरू केले. १८९४ मध्ये झांशीच्या राणीचे चरित्र लिहिले. १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' मासिकातून अस्सल जुने कागद छापण्याचा त्यांनी परिपाठ ठेवला. नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर उजेडात आणण्याचे श्रेय त्यांचेच. १९१२ साली त्यांचा 'तंजावरचे राजघराणे' हा ग्रंथ निघाला.

साताऱ्याच्या माणसास तंजावरची ही ओढ का असावी? दोन्ही गाद्या भोसल्यांच्या. सातारचे राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्र न ठेवता निवर्तले आणि तंजावरचेही तेच झाले. दरबार उठला की दप्तर पोरके होते, ही गोष्ट पारसनिसांनी आपल्या गावीच पाहिली होती.

सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा वंशवृत्तान्त बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरविला, तो टिकला. राजांचे ग्रंथ व मोडी कागद सरस्वती महालात सुरक्षित आहेत. परंतु ज्या कुंभकोणम्‌ने १८२८ साली जन्मलेले राजा सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांस दिवाण म्हणून दिले, तेथील सामान्य कुटुंबांच्या कागदांचे काय? जमिनीची खते, देवस्थानांचे हिशेब, सोयरिकीची पत्रे यांना ना शिलालेख, ना ग्रंथालय. सरकारी दप्तरात वर्षे घालविलेल्या आम्हांस एवढे पक्के ठाऊक आहे की, जो कागद कोणास वाचता येत नाही, तो प्रथम रद्दीत जातो. घरात मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलांस मोडीचे एक अक्षरही लागत नाही.

पारसनिसांच्या पश्चात त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला आणि अभ्यासकांस उपयोगी पडला. आमच्याही फडताळांतील रुमाल वाळवीच्या आधी जाणकाराच्या हाती पडावेत. मंडळाने या वर्षी मोडीचा एक वर्ग चालवावा आणि प्रत्येक घराने निदान एक कागद वाचवून घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.