मुद्रणप्रत आणि अवतरणाची संहिता

संशोधनपर लेख स्वीकारला गेल्यापासून छापून येईपर्यंतची अवस्था ही निव्वळ तांत्रिक असते, असे आपण गृहीत धरतो. मुद्रणप्रत सिद्ध करणे, लेखन नियमांस अनुसरून करून घेणे, मुद्रिते तपासणे या गोष्टींचा विवेचनाशी संबंध नाही, अशी ही समजूत आहे. मराठी लेखननियमांचा इतिहास पाहता ती टिकत नाही.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनमान्य झाले. १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यामुळे लेखन सुलभ झाले, हे खरेच. परंतु ‘नांव’ आणि ‘नाव’ यांतील भेद मावळला. एकवचनी नपुंसकलिंगी ‘तें’ आणि अनेकवचनी पुल्लिंगी ‘ते’ एकरूप झाले. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात संदर्भाने अर्थ लागतो. अवतरणाचे तसे नाही. अवतरण हा पुरावा असतो, आणि पुराव्याचे रूप बदलले की त्याची साक्षही बदलू शकते.

नियमकर्त्यांना ही अडचण दिसली होती. म्हणूनच केशवसुतपूर्व पद्याचे आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व गद्याचे उतारे मूळानुसार छापावेत, त्यानंतरचे, या दोघांच्या लेखनासह, नव्या नियमांनुसार छापावे, असा नियम त्यांनी केला. वरवर पाहता ही केवळ मुद्रणाची सोय आहे. वस्तुतः तो वाङ्मयेतिहासातील कालखंडविभागणीचा निर्णय आहे. ‘अर्वाचीन’ मराठी गद्य कोठे सुरू होते याचे उत्तर येथे शुद्धलेखनाच्या नियमात, कोणत्याही चर्चेविना देऊन टाकलेले आहे.

‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. ती सीमा मानली तर जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) रेषेच्या अलीकडे राहते आणि १८८३ मध्ये लिहून झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ पलीकडे जातो. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) हीदेखील पलीकडेच. एकाच लेखात फुल्यांचे दोन उतारे शेजारी आले, तर पहिला अनुस्वारांसह आणि दुसरा त्यांवाचून छापला जाईल. दहा वर्षांत फुल्यांची लेखनपद्धती पालटली, असा निष्कर्ष एखाद्या अभ्यासकाने काढला तर दोष त्याचा नव्हे. फुल्यांच्या भाषेवर ‘निबंधमाले’तून कठोर टीका करणारे चिपळूणकरच येथे सीमाचिन्ह ठरावेत, ही गोष्ट योगायोगाची असली तरी अर्थशून्य नाही. ज्यांच्या लेखनातील ‘अशुद्धता’ हाच वादाचा विषय होता, त्यांचे उतारे शुद्ध करून छापणे म्हणजे त्या वादातील एका पक्षाचा पुरावा पुसणे होय.

यावर उपाय अवघड नाही. लेखकाने मुद्रणप्रतीत प्रत्येक अवतरणावर ‘मूळाबरहुकूम’ अशी खूण करावी. कोणती प्रत अथवा आवृत्ती वापरली ते लेखातच नोंदवावे. मुद्रिते पाहताना अवतरणे स्मरणावर विसंबून न तपासता त्या प्रतीशी अक्षरशः ताडून पाहावीत. लेखन बदलणे अपरिहार्यच असेल, तर तसे वाचकाला सांगावे. नियम विवेचनाच्या भाषेला लागू व्हावेत, साक्षीच्या भाषेला नव्हे. पाठचिकित्सा आपण ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांपुरती राखून ठेवली आहे. तिची गरज मुद्रितशोधकाच्या टेबलावरही तितकीच आहे.