तुडवणीच्या पट्ट्यांची कुळकथा

वावरामुळे गवत मरतं, हे कुठल्याही गुराख्याला ठाऊक असतं. पण किती पावलांनी मरतं, आधी कुठलं मरतं आणि पुन्हा कधी उभं राहतं, याचा हिशेब मांडणारी रिक्रिएशन इकॉलॉजी ही विद्याशाखा विसाव्या शतकात घडली. तिचा मूळपुरुष मानला जातो तो एमिलिओ माइनेकी, झाडांच्या रोगांचा जाणकार. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड उद्यानांत मोटारी थेट बुंध्यांपर्यंत जायला लागल्या होत्या. तिथल्या झाडांच्या दुखण्याचं मूळ पायांखाली आणि चाकांखाली होतं. माती घट्ट दबून वरच्या थरात पसरलेल्या मुळांना इजा होत होती. १९२८ सालच्या त्याच्या अहवालात हे निदान आहे. पुढे त्याने मुक्कामाच्या तळांचा आराखडाच बदलला: एकेरी रस्ता, प्रत्येक गाडीला नेमून दिलेली जागा, आडवे टाकलेले ओंडके आणि दगड.

१९३५ मध्ये जी. एच. बेट्स यांनी इंग्लंडमधल्या पायवाटा, गाडीवाटा आणि फाटकांजवळच्या वनस्पतींवर लेख लिहिला. पण पावलं मोजून तुडवण्याची सर्वमान्य पद्धत यायला १९९३ साल उजाडलं. अमेरिकेचे डेव्हिड कोल आणि स्कॉटलंडचे नील बेफील्ड यांनी ती मांडली. अर्धा मीटर रुंद, दीड मीटर लांब असे पट्टे आखायचे. एकावरून कुणीच चालायचं नाही. उरलेल्यांवरून २५, ७५, २०० आणि ५०० फेऱ्या मारायच्या. दोन आठवड्यांनी आणि वर्षाने तिथे किती हिरवं उरलंय ते मोजायचं. इतकी साधी पद्धत, म्हणूनच एका देशातले आकडे दुसऱ्या देशातल्या आकड्यांशेजारी ठेवता आले. कोल यांनी पुढे अमेरिकेच्या डोंगराळ भागांतल्या १८ प्रकारच्या वनस्पतिसमूहांवर हे करून पाहिलं. गवतं आणि लव्हाळी बराच मार सोसतात. सावलीतली उंच, रुंद पानांची नाजूक रोपं लवकर आडवी होतात.

या साऱ्यातून पुढे आलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. नुकसान माणसांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. बरंचसं अगदी सुरुवातीच्या पावलांतच होऊन जातं. पुढच्या हजारोंनी त्यात तुलनेने थोडी भर पडते. कासच्या पठारावर फोटोसाठी वाट सोडून फुलांत उतरणारा ‘माझ्या एकट्याने काय होतंय’ म्हणतो, तेव्हा तो नेमका याच पहिल्या पावलांचा हिशेब विसरतो.

म्हणून गर्दीच्या जागी सगळ्यांना एकाच कणखर वाटेवर, ठरलेल्या तळांवर ठेवायचं. जिथे कुणाचाच माग नाही तिथे मात्र पांगून चालायचं. तळ आळीपाळीने बंद ठेवून जमिनीला विसावा द्यायचा, हा वरवर शहाणा वाटणारा उपाय उंच डोंगरांवर फसतो, कारण तळ उजाड व्हायला एखादा हंगाम पुरतो, भरून यायला कित्येक वर्षं जातात. तोवर नव्याने उघडलेली जागाही तितकीच बोडकी झालेली असते.