कौलांवरील शेवाळ: काढावे कसे, रोखावे कसे?

कोकणातील कौलारू घरांच्या छपरांवर पावसाळ्यात चढणारा हिरवा थर अनेकांना घराच्या सौंदर्याचाच भाग वाटतो. मात्र तो वर्षानुवर्षे तसाच राहून कौलांच्या सांध्यांत शिरला, की छपराखालील लाकडाला धोका निर्माण होतो. घर गळू लागले की दोष कौलांना दिला जातो आणि कौले उतरवून पत्रे चढविले जातात. प्रत्यक्षात शेवाळ धरले म्हणजे कौल निकामी झाले, असे नव्हे. छपरावर ओल रेंगाळते आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

शेवाळ का धरते?

कोकणात पूर्वी कुंभाराने घडविलेली नळीची कौले वापरात होती. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि एकमेकांत अडकणारी ही ‘मंगळुरी’ कौले पुढे पश्चिम किनारपट्टीवर सर्वत्र पोहोचली. नळीचे असो वा मंगळुरी, भाजलेल्या मातीचे कौल सच्छिद्र असते. ते पाणी शोषते आणि हळूहळू सोडते. किनारपट्टीवर वर्षाकाठी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरील गावात हे प्रमाण सात हजारांच्या आसपास जाते. अशा हवेत कौलाच्या खाचेत धूळ आणि पालापाचोळा साचला, की वाऱ्याबरोबर येणाऱ्या बीजाणूंना रुजण्यास जागा मिळते.

शेवाळाला खरी मुळे नसतात. केसांसारख्या तंतूंनी ते पृष्ठभागाला चिकटते आणि पाणी सर्वांगाने शोषते. उन्हाळ्यात ते वाळून तपकिरी होते. पण मरतेच असे नाही. मृगाच्या पहिल्या सरींनंतर तेच पुन्हा हिरवे होते. पावसाळा सरताना सूर्य दक्षिणेकडे झुकत असल्याने उत्तरेकडील उतार उशिरा वाळतो. त्या बाजूला, तसेच फणस, आंबा यांच्या सावलीतील भागावर शेवाळ अधिक दाट आढळते.

छपरावर दिसणारा प्रत्येक डाग शेवाळाचा नसतो. काळपट, बुळबुळीत पापुद्रा सूक्ष्म शैवालांचा असतो, तर करड्या-पांढऱ्या रंगाचे चिकट ठिपके दगडफुलाचे. दगडफूल कौलाच्या छिद्रांत शिरत असल्याने ते खरवडण्याचा हट्ट धरू नये.

नुकसान कोणते?

थंड देशांत शेवाळातील पाणी गोठून कौले तडकतात. कोकणात तो प्रश्न नाही. येथे खरे नुकसान लाकडाचे होते. मंगळुरी कौलावरील पन्हळीतून पाणी खाली वाहून जाणे अपेक्षित असते. तेथे शेवाळाचा बांध तयार झाला की पाणी तुंबते, वरच्या कौलाखाली मागे सरकते आणि रिपांवर उतरते. रीप सतत ओली राहिली की कुजते, त्यापाठोपाठ वासाही कमकुवत होतो आणि वाळवीला आयती वाट मिळते. खालून छत मारलेले असल्यास ही गळती बराच काळ लक्षातही येत नाही.

छपरावर चढण्यापूर्वी

शेवाळ काढताना सर्वांत मोठा धोका पडण्याचा असतो. ओले शेवाळ अतिशय निसरडे असते. त्यामुळे पावसाळ्यात छपरावर चढणे टाळावे. फाल्गुन ते वैशाख हा काळ या कामास योग्य. वाळलेले शेवाळ सहज सुटते आणि शाकारणीचे कामही त्याच वेळी उरकता येते. कौलाच्या मध्यावर पाय दिल्यास ते फुटते. कौले काढून, रिपा आणि वासे शाबूत असल्याची खात्री खालून करून घेऊनच वर भार द्यावा. छपरावर आडवी शिडी टाकून तिच्यावरून काम करणे अधिक सुरक्षित. छपरालगत विजेची तार येत असल्यास प्रवाह बंद करून घ्यावा. अनुभवी माणूस उपलब्ध असताना घरच्यांनी हे धाडस करू नये.

काढण्याची पद्धत

आढ्यापासून सुरुवात करून वळचणीकडे यावे. जाड गाद्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवाव्यात आणि उरलेला भाग खराट्याने किंवा नारळाच्या सोडणाने घासावा. तारेचा ब्रश वापरल्यास कौलाचा भाजलेला कठीण पापुद्रा खरवडला जातो आणि ते अधिक पाणी शोषू लागते. दाबाने पाणी मारणाऱ्या यंत्रामुळेही हेच होते. शिवाय पाणी सांध्यांतून आत घुसते. झाडलेला कचरा पन्हळात न ढकलता खाली उतरवावा.

शाकारणीसाठी कौले उतरविलीच असतील, तर ती जमिनीवर घासून, उन्हात वाळवून पुन्हा चढविणे सर्वांत उत्तम. त्या वेळी प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहावे. आवाज खणखणीत आल्यास ते चांगले. बद आवाज आल्यास त्याला तडा असण्याची शक्यता असते.

रसायने वापरावीत का?

ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने शेवाळ मरते; परंतु ते पाणी वळचणीखालील झाडे जाळते आणि पत्र्याचे पन्हळ गंजविते. ब्लिचिंग पावडर आम्लयुक्त स्वच्छतागृह-क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मोरचूद बागायतदारांच्या परिचयाचे असले, तरी त्याचे पाणी विहिरीत किंवा वहाळात गेल्यास माशांना घातक ठरते. बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेली शेवाळनाशके कोरड्या दिवशी फवारल्यास काही आठवड्यांत शेवाळ सुटू लागते. मात्र तीही जलचरांना अपायकारक आहेत. छपराचे पाणी पिण्यासाठी साठविले जात असल्यास यांपैकी कोणतेही रसायन वापरू नये.

पुन्हा धरू नये म्हणून

छपरावर आलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटाव्यात. ऊन आणि वारा मिळाल्यास कौले लवकर वाळतात. वानरांच्या उड्यांनी सरकलेली व फुटलेली कौले त्वरित बदलावीत. त्यासाठी त्याच साच्याची काही जादा कौले घरी राखून ठेवावीत. पन्हळे आणि दोन छपरांमधील खोबणी वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, साफ कराव्यात.

आढ्याच्या कोन्यांखाली तांब्याची किंवा जस्ताची पट्टी बसविण्याचा उपायही प्रचलित आहे. पावसाच्या पाण्याबरोबर धातूचा सूक्ष्म अंश खाली वाहतो आणि शेवाळाची वाढ रोखतो. पट्टीखालच्या काही फुटांपुरताच त्याचा परिणाम जाणवतो. तांब्यावरून येणारे पाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पन्हळास खाते, हेही ध्यानात घ्यावे.

कौलांवर तैलरंग देणे मात्र टाळावे. आतील ओल बाहेर पडण्यास वाव न राहिल्याने रंगाला पापुद्रे सुटतात. लेप द्यायचाच असल्यास वाफ बाहेर जाऊ देणारे सिलिकॉन वर्गातील जलरोधक द्रव्य निवडावे. ते स्वच्छ व पूर्ण कोरड्या कौलावरच लावावे लागते आणि काही वर्षांनी त्याचा पुन्हा हात द्यावा लागतो.

शाकारणी जाणणारे कारागीर आता गावोगावी कमी होत चालले आहेत. त्यामुळे कौले बदलण्याचा किंवा पत्रे घालण्याचा निर्णय घेण्यापूर्वी घरमालकाने एकदा छपराखालून, भर दिवसा, वासे आणि रिपा तपासाव्यात. लाकूड कोरडे आणि टणक असेल, तर स्वच्छता आणि चार-दोन कौलांची अदलाबदल पुरेशी ठरते. लाकूड काळे पडले असेल किंवा बोटाने दाबल्यावर दबत असेल, तर आधी ते बदलावे आणि त्यानंतरच शेवाळाकडे वळावे.