घाटाच्या पायथ्याशी थांबलेला वेग

१/ नवा फोन, राउटर वा केबल घ्यावी, तर वेष्टनावर मागच्यापेक्षा मोठा आकडा छापलेला असतो. वाय-फाय ५ मागे पडले, ६ आले, आता ७ आले. यूएसबीच्या पिढ्या मोजणे तर अनेकांनी सोडूनच दिले. जोडणीचे मानक अधिक वेगवान झाले, तर सामान्य वापरकर्त्याला त्याचा लाभ किती? या प्रश्नाचे उत्तर आज आपण कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या इतिहासात शोधू. बोरघाटाच्या पायथ्याच्या या मुलखाने वेगाची नवनवी मानके दोनशे वर्षे येताना पाहिली आहेत. #धागा

२/ रेल्वेपूर्वी मुंबई-पुणे वाटेवरचे खोपोली हे घाटाखालचे विसाव्याचे ठिकाण होते. नाना फडणविसांनी येथे बांधलेला तलाव व महादेवाचे मंदिर आजही त्याची साक्ष देतात. घाट चढण्यापूर्वी माणसांनी आणि जनावरांनी येथे पाणी प्यावे, दम घ्यावा. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. त्या काळाच्या दृष्टीने हीच मोठी झेप होती.

३/ मग आगगाडी आली. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे, १८५४ मध्ये कल्याण, आणि १८५६ मध्ये रूळ थेट खोपोलीपर्यंत पोहोचले. इंग्रज दप्तरात हे स्थानक ‘कॅम्पूली’ म्हणून आढळते. दोनच वर्षांनी, १८५८ मध्ये, घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्गही सुरू झाला. खाली आगगाडी, वर आगगाडी. मधला बोरघाट मात्र तसाच राहिला.

४/ सुमारे पाच वर्षे प्रवासाची रीत अशी होती: मुंबईहून आगगाडीने खोपोली, तेथे उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचा, आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे. जगातील सर्वांत वेगवान वाहन दोन्ही टोकांना उभे होते. तरीही पुण्याला केव्हा पोहोचायचे, हे ठरत होते बैलाच्या पावलावर. प्रत्येक गाठोडे दोनदा उतरवायचे आणि दोनदा चढवायचे, हा ताप निराळाच.

५/ आपल्या घरातील जोडणीही अनेकदा अशीच असते. समजा, राउटर सेकंदाला १,००० मेगाबिट वाहून नेऊ शकतो, पण बाहेरून घरात येणारी जोडणी ४० मेगाबिटची आहे. १ गीगाबाइटचा चित्रपट म्हणजे ८,००० मेगाबिट. तो उतरवायला किमान २०० सेकंद लागणारच. राउटर दुप्पट वेगाचा आणला तरी २०० सेकंदच. खोपोलीपर्यंतची आगगाडी आणखी वेगाने धावली असती, तर प्रवासी घाटाखाली थोडा लवकर पोहोचला असता, इतकेच.

६/ म्हणून खरा प्रश्न ‘वेग किती’ हा नसून ‘अडते कोठे’ हा आहे. १८५६ ते १८६३ या काळात रेल्वे कंपनीने नेमका तोच अडलेला टप्पा सोडवण्यासाठी शक्ती पणाला लावली. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पोहोचताच आजाराने वारला. त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. एके काळी ४०,००० हून अधिक मजूर या डोंगरात राबत होते.

७/ सह्याद्रीच्या कातळात २५ बोगदे खोदले गेले. १ : ३७ इतका तीव्र चढ, सुमारे १,८०० फुटांची उंची. पटकी आणि तापाच्या साथींनी मजुरांचे मोठ्या संख्येने बळी घेतले. अभियंत्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांनी सुरुंग भरले आणि पाट्या वाहिल्या त्यांची नाहीत. वेगाचे मोल कोण चुकवतो, हा प्रश्नही या इतिहासाचाच भाग आहे.

८/ १८६३ मध्ये घाटमार्ग सुरू झाला, आणि या एका टप्प्याने सारा प्रवास पालटला. रुळांचे मानक तेच, डबेही त्याच जातीचे. केवळ मधला तुटलेला दुवा सांधला गेला. आजही असे घडते. लग्नाचे १०० गीगाबाइट चित्रीकरण उतरवताना २००० सालच्या यूएसबी २.० केबलला कागदोपत्री सुमारे २८ मिनिटे लागतात. २००८ च्या यूएसबी ३.० ला चार मिनिटेही नाहीत. दोन्हीकडची साठवण तितकी वेगवान असेल, तर छायाचित्रकारासाठी हा फरक खराच असतो, कारण अडत होती ती केबलच.

९/ परंतु नव्या वाटेने एकाला जवळ केले, तसे दुसऱ्याला बाजूला सारले. मुख्य मार्ग कर्जतहून पळसदरीमार्गे घाटात वळला आणि कालपर्यंत शेवटचे स्थानक असलेली खोपोली एका फाट्यावर राहिली. कर्जत-खोपोली हा फाटा आजही एकेरी आहे. येथील नोकरदाराला विचारा: गाडी ताशी किती वेगाने धावते याची त्याला फारशी फिकीर नसते. ‘ही गाडी चुकली तर पुढची केव्हा?’ हा त्याचा प्रश्न असतो. संगणकाच्या जोडणीतही वेग आणि प्रतीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओ कॉल तुटतो, तो बहुधा आकडा लहान असल्यामुळे नव्हे, तर जोडणी अधूनमधून अडखळत असल्यामुळे.

१०/ आता नेरळला येऊ. मुंबईहून येणारा रुंद मार्ग ५ फूट ६ इंचांचा. माथेरानचा, १९०७ मध्ये सुरू झालेला मार्ग अवघ्या २ फुटांचा. आदमजी पीरभॉय कुटुंबाने तो उभारला. मंद आणि अरुंद, पण डोंगराची तीव्र वळणे घेण्यास योग्य. रुंद गाडी कितीही वेगवान असली तरी त्या वळणांवर निरुपयोगीच ठरली असती. कमी वेगाचे मानक म्हणजे मागासलेले मानक, असे समजू नये. कामाला पुरेल आणि जागी पोहोचेल ते मानक योग्य.

११/ नेरळच्या प्रवाशाला आणखी एक सोय होती: रूळ पाहताच कळे की ही गाडी निराळी. आजच्या यूएसबी-सी केबलपाशी ती सोय नाही. टोक तेच, आकार तोच. पण एक केबल सेकंदाला ४८० मेगाबिटची, तर दुसरी त्याच्या अनेक पट वेगाची असू शकते. डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि ग्राहक मोठ्या आकड्याचे पैसे देऊन लहान आकडा घरी आणतो.

१२/ पुढची झेप विजेची. १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या इंजिनांना रेल्वेच्या लोकांनी ‘खेकडा’ असे नाव दिले. १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’, आपली दख्खनची राणी, धावू लागली. मुंबई-पुणे अंतर आता काही तासांचे झाले. पण कोणासाठी?

१३/ या गाडीला आरंभी तिसऱ्या वर्गाचे डबेच नव्हते. ते जोडले गेले १९५५ मध्ये. म्हणजे मानक अस्तित्वात आल्यानंतर तब्बल २५ वर्षे बहुसंख्य प्रवाशांनी ही वेगवान गाडी कर्जतच्या फलाटावरून केवळ जाताना पाहिली. मानक जाहीर होण्याचे वर्ष आणि ते सामान्यांच्या खिशाला परवडण्याचे वर्ष यांत असे अंतर असते. इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा पहिलेच वर्ष छापले जाते.

१४/ विजेचीही तीच कथा. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे. पाणी येथल्या डोंगरातून कोसळे आणि वीज निघे ती मुंबईच्या कापडगिरण्यांकडे. गावावरून तार गेली म्हणजे गाव जोडले गेले असे होत नाही. गावाजवळून जाणाऱ्या इंटरनेटच्या केबललाही हा नियम लागू आहे.

१५/ चांगले परिवर्तन कसे असते, तेही येथेच दिसते. मुंबई विभागातील रेल्वेने १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला. टप्प्याटप्प्याने चाललेले हे काम २०१६ पर्यंत पूर्ण झाले. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने व लोकलगाड्या वापरात होत्या. बहुतेक प्रवाशांना या मोठ्या बदलाची जाणीवही झाली नाही. जुने टाकून द्यायला न लावता नवे येते, तेव्हाच मानक खऱ्या अर्थाने लोकांचे होते.

१६/ रस्त्याकडेही पाहू. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. सहा पदरी, वेगवान. पण खालापूरच्या टोलनाक्यावर सुटे पैसे मोजण्यासाठी गाड्या रांगेत उभ्या राहत. पुढे फास्टॅग आला. त्याने गाडीचा वेग तसूभरही वाढवला नाही. नाक्यावर थांबण्याचा वेळ कमी केला. वेग वाढवण्याचा हाही एक मार्गच आहे.

१७/ तर मूळ प्रश्नाचे उत्तर काय? वेगवान मानके महत्त्वाची आहेतच. १८६३ नंतरचा पुणेकर पुन्हा पालखीत बसायला तयार झाला नसता. परंतु नवे काही विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. माझ्या वाटेत नेमके अडते कोठे? हे नवे मानक तोच टप्पा सोडवते का? आणि ते माझ्याकडील जुन्या साधनांशी जुळते का? यांपैकी एकाचे जरी उत्तर ‘नाही’ असेल, तर वेष्टनावरचा आकडा आपल्यासाठी नाही.

१८/ पुण्याकडे जाताना गाडी कर्जतला थांबते, मागे जादा इंजिने जोडली जातात आणि तेवढ्या वेळात फलाटावर बटाटेवडे खपतात. वाफ गेली, वीज आली, विजेचे दाबही बदलले. घाटाचा चढ मात्र तोच आहे, आणि त्याच्यासाठी थांबावेच लागते. पुढच्या वेळी तेथे वडा खाताना खोपोलीला उतरून घाटाकडे पाहणारा १८५८ चा प्रवासी आठवून पाहा. त्याच्या तिकिटावर आगगाडीचाच वेग होता. (समाप्त)