परकीय भांडवल आणि जातीची भिंत

परकीय गुंतवणूक का येत नाही, असे विचारले की रस्ते, वीज, परवाने यांची यादी ऐकवली जाते. यादी खरी आहे, पण अपुरी. कारखान्याला कुठलेही काम शिकणारा, कुणाच्याही शेजारी उभा राहणारा कामगार लागतो. जात नेमका तोच घडू देत नाही.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहा. विणकाम खात्यात पगार जास्त. पण धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना तिथे बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. यंत्रे विलायतेतून आली, विटाळ इथलाच राहिला.

सोनईत सहकारी साखर कारखाना आहे. त्याच सोनईत १ जानेवारी २०१३ ला आंतरजातीय प्रेमाच्या रागातून मेहतर समाजातील तीन तरुणांचा खून झाला. नाशिकच्या न्यायालयाने २०१८ मध्ये फाशीच्या शिक्षा सुनावल्या. धुराडे उभे राहिले म्हणून जात जळत नाही.

शेतीवरचा भार उद्योगांनी उचलावा, हे बाबासाहेबांनी १९१८ मध्येच मांडले होते. म्हणून आमचा भांडवलाला विरोध नाही. सवाल एवढाच: ज्या गावात प्रेम केल्याबद्दल माणूस मारला जातो, तिथे फक्त करसवलत देऊन कोणता उद्योग रुजणार?

जय भीम!