सामाजिक हिशेबतपासणी

सामाजिक हिशेबतपासणी : कंपनीच्या व्यवहाराचे कामगार, ग्राहक, स्थानिक रहिवासी व परिसर यांवर होणारे परिणाम पद्धतशीरपणे मोजून त्यांचा अहवाल देण्याची पद्धती. ताळेबंद व नफातोटापत्रक यांतून भागधारकांना पैशाचा हिशेब मिळतो. कामगाराला झालेला अपघात वा नदीत सोडलेले सांडपाणी यांची नोंद त्यांत झालीच, तर ती केवळ खर्च म्हणून होते. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांतून ही कल्पना उदयास आली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत थीओडोर क्रेप्स यांनी १९४० मध्ये उद्योगांच्या सामाजिक कार्याच्या मोजमापावर प्रबंध लिहिला. हॉवर्ड बोवेन यांनी १९५३ मधील आपल्या ग्रंथात अशा तपासणीचा पुरस्कार केला. फ्रान्सने १९७७ च्या कायद्यान्वये मोठ्या उद्योगसंस्थांना ‘सामाजिक ताळेबंद’ सक्तीचा केला. वेतन, सुरक्षितता, प्रशिक्षण इत्यादींचे आकडे त्यात द्यावे लागत.

भारतात टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने १९७० मध्ये आपल्या नियमावलीत ग्राहक, कामगार, भागधारक, समाज व स्थानिक जनता यांच्याविषयीच्या जबाबदाऱ्यांचा समावेश केला. त्या कितपत पार पडल्या, हे तपासण्यासाठी १९७९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एस. पी. कोतवाल, राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी व पु. ग. मावळंकर यांची समिती नेमण्यात आली. तिने १९८० मध्ये अहवाल दिला. कंपनीने स्वतःच्या शब्दांची कसोटी बाहेरील व्यक्तींच्या हाती दिली, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय. तथापि समितीची नेमणूक कंपनीनेच केली होती व तशी तपासणी कायद्याने बंधनकारक नव्हती.

१९९७ मध्ये बॉस्टन येथे सुरू झालेल्या ‘ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाने अहवालांना आंतरराष्ट्रीय स्वरूप दिले. भारतात ‘सेबी’ने २०१२ मध्ये भांडवली मूल्यानुसार पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला, २०२२–२३ या वर्षापासून पहिल्या १,००० कंपन्यांना ऊर्जा, पाणी, उत्सर्जन, अपघात इत्यादींची अधिक विस्तृत माहिती देणे बंधनकारक झाले.

या पद्धतीची मुख्य अडचण एकसमान परिमाणाच्या अभावाची आहे. पाण्याचे घनमीटर, प्रशिक्षणाचे तास व कामगारांचे मृत्यू यांची बेरीज करता येत नाही. सर्वांचे पैशांत रूपांतर केल्यास मृत्यूचीही किंमत ठरवावी लागते. शिवाय काय मोजावे हे कंपनीनेच ठरविल्यास गैरसोयीच्या बाबी वगळल्या जाण्याचा संभव असतो. म्हणून मोजमापाच्या तंत्राइतकेच तपासनिसाचे स्वातंत्र्यही महत्त्वाचे ठरते.