पालवा बंदर: उतरण्याची जागा

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या पूर्व अंगाला, जिथे आज गेटवे ऑफ इंडिया आणि ताजमहाल हॉटेल समोरासमोर उभे आहेत, त्या किनाऱ्याचे जुने नाव पालवा बंदर. शिडाच्या होड्यांशी जोडल्या जाणाऱ्या 'पालव' या शब्दाचे इंग्रजांच्या तोंडी 'अपोलो' झाले आणि नकाशांवर 'अपोलो बंदर' हे नाव रूढ झाले. ग्रीक देवतेशी त्याचा काही संबंध नाही. सरकारने या धक्क्याला 'वेलिंग्टन पियर' असे अधिकृत नाव दिले होते, पण ते लोकांच्या जिभेवर कधी बसले नाही. मराठीत 'उतरणे' म्हणजे जहाजातून वा गाडीतून पायउतार होणे आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ परगावी मुक्काम करणे. पालवा बंदराचा इतिहास या दोन अर्थांना जोडणारा आहे. इथे माणसे जहाजातून उतरत, म्हणून इथे उतरण्यासाठी हॉटेल झाले. आणि हॉटेलभोवती हळूहळू शहराचे दर्शनी अंगण तयार झाले.

अठराव्या शतकापर्यंत मुंबईचा व्यवहार कोटाच्या भिंतींच्या आत चालत असे. कुलाबा हे वेगळे बेट होते आणि ओहोटीच्या वेळीच तिकडे पायी जाता येत असे. १८३८ मध्ये कुलाबा कॉजवे पूर्ण झाला आणि हे बेट मुंबईला कायमचे जोडले गेले. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या आणि शहराला मोकळा श्वास मिळाला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. युरोपातून येणाऱ्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही आणि हिंदुस्थानात शिरणाऱ्या युरोपीय प्रवाशाचे पहिले पाऊल मुंबईत पडू लागले. बोटी खोल पाण्यात नांगर टाकत, प्रवासी लहान नावांमधून किनाऱ्याला येत आणि पालव्याच्या पायऱ्या चढून शहरात प्रवेश करत. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली आणि किनाऱ्यावर भर घालून नवी जमीन मिळवण्याच्या कामाला वेग आला.

प्रवासी वाढले, पण त्यांनी राहायचे कुठे, हा प्रश्न बराच काळ सुटला नव्हता. ओळखदेख असलेला साहेब मित्राच्या बंगल्यात किंवा क्लबात राही. इतरांना जेमतेम सोयीच्या जागांवर भागवावे लागे. ही उणीव भरून काढणारी पहिली मोठी वास्तू म्हणजे वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल. जॉन वॉटसन या व्यापाऱ्याने ते आज 'काळा घोडा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिसरात उभारले. रोलँड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने त्याचा आराखडा केला. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईला आणल्या गेल्या आणि इथे जुळवल्या गेल्या. सांगाडा बाहेरून उघडा दिसणारी ही इमारत त्या काळी नवलाची होती. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. १८९६ च्या आरंभी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ याच हॉटेलात झाला. हिंदुस्थानातला हा चित्रपटाचा पहिला खेळ. हे नवे तंत्र पाहून भारावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. एका हॉटेलाच्या दालनातून भारतीय चित्रपटाला अशी वाट मिळाली.

अशा हॉटेलांचा ग्राहक मात्र प्रामुख्याने युरोपीय होता. कोकणातून गलबताने किंवा आगबोटीने येणारा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर उतरे आणि गिरगाव-परळच्या चाळीत आपल्या गाववाल्यांच्या खोलीवर पथारी पसरे. यात्रेकरू आणि व्यापारी धर्मशाळेत राहत. मध्यमवर्गीय मराठी पाहुण्यासाठी खाणावळी आणि विश्रांतिगृहे होती. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. लोकमान्य टिळक मुंबईत तिथेच उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तिथेच झाले. एकाच शहरात उतरण्याच्या जागा अशा जाती, भाषा आणि ऐपतीनुसार विभागलेल्या होत्या.

ही विभागणी ओलांडणारे भव्य हॉटेल हिंदी माणसाने बांधावे, ही कल्पना जमशेटजी टाटांची. त्यांना एका युरोपीय हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. अनेक अभ्यासक मात्र ती ग्राह्य धरत नाहीत. त्या काळाची परिस्थितीच पुरेसे स्पष्टीकरण देते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. हजारो लोक शहर सोडून गेले, व्यापार थंडावला आणि मुंबईच्या नावाला धक्का बसला. अशा वेळी, शतक संपता संपता, जमशेटजींनी पालव्याच्या किनाऱ्यावर भर घालून मिळवलेली जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि स्वतःच्या पैशातून हॉटेल बांधायला घेतले. आपल्या शहरावरचा विश्वास त्यांनी दगडाविटांत मांडला, हे या वास्तूचे खरे महत्त्व आहे.

इमारतीचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. वैद्य यांनी याआधी व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामात वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. दोन्ही वास्तूंच्या घुमटांत दिसणारे साम्य या अनुभवाशी सुसंगत आहे. बांधकाम पूर्ण होण्याआधीच वैद्य यांचे निधन झाले आणि उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने तडीस नेले. मधला प्रशस्त, अधांतरी भासणारा जिना सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांच्या नावावर आहे. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले तेव्हा ते विजेच्या दिव्यांनी उजळले होते. शहराला वीज पुरवणारी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी त्यानंतर दोन वर्षांनी, १९०५ मध्ये स्थापन झाली. पंखे अमेरिकेतून आणले होते आणि लिफ्ट जर्मनीतून. जमशेटजींना हे वैभव फार काळ पाहता आले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले.

ताजविषयी एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: बांधणारे नकाशा उलटा वाचून बसले, हॉटेलाची पाठ समुद्राकडे गेली आणि खिन्न झालेल्या वास्तुकाराने जीव दिला. यात तथ्य नाही. मूळ प्रवेशद्वार मुद्दामच शहराच्या बाजूला ठेवले होते, कारण बंदरावर उतरलेले पाहुणे घोडागाडीने त्या बाजूने येणे सोयीचे होते. इमारतीच्या दोन बाजू आणि मधला भाग मिळून इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आकार होतो. पश्चिमेचा वारा त्या पोकळीत शिरून खोल्यांपर्यंत पोचावा, अशी त्यामागची योजना होती. वातानुकूलनापूर्वीच्या काळात मुंबईच्या दमट हवेवर हाच उपाय होता. पुढे प्रवेशद्वार समुद्राच्या बाजूला आले आणि जुन्या प्रवेशाच्या जागी पोहण्याचा तलाव झाला.

ताज एकटे नव्हते. शेजारीच ग्रीन्स हॉटेल होते. जवळच रॉयल बॉम्बे यॉट क्लब होता. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबाची किनाऱ्यावरची जुनी वास्तू पुढे अणुऊर्जा विभागाकडे गेली. घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून कुलाब्याहून पायधुणीपर्यंत धावत होत्या आणि १९०७ मध्ये त्या विजेवर आल्या. त्यामुळे हॉटेलातून बाहेर पडलेला पाहुणा काही मिनिटांत बाजारात पोचू शके. पहिल्या महायुद्धात ताजचे रूप पालटले. हॉटेलाचे ६०० खाटांचे इस्पितळ झाले आणि मेसोपोटेमियासारख्या आघाड्यांवरून आलेले जखमी सैनिक याच बंदराच्या काठी विसावले.

बंदराला दर्शनी दार हवे, ही कल्पना २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले त्या प्रसंगातून पुढे आली. ३१ मार्च १९१३ रोजी पायाभरणी झाली. वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी पिवळसर बेसाल्ट दगड आणि प्रबलित काँक्रीट वापरून २६ मीटर उंचीची कमान रचली. तिच्यात गुजरातच्या सोळाव्या शतकातील वास्तुशैलीचे धागे आहेत आणि तिच्या दगडी जाळ्या ग्वाल्हेरच्या. समोरचे पटांगण मिळवण्यासाठी समुद्रात भर घालावी लागली. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते कमानीचे उद्घाटन झाले. ताज कमानीपेक्षा वीस वर्षांहून जुने आहे, हे आज अनेकांना ठाऊक नसते. कमान पूर्ण होईपर्यंत बॅलार्ड पियर सुरू झाला होता आणि डाकबोटींचे बहुतेक प्रवासी तिकडे उतरू लागले होते. ज्या स्वागतासाठी दार बांधले, ते स्वागत तोवर दुसऱ्या धक्क्यावर गेले होते. दार मात्र शहराचे चिन्ह बनून राहिले.

पायी फिरण्याजोगा परिसरही याच काळात आकाराला आला. विटेट यांनीच रचलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवली गेली. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण युद्धकाळात तिचाही उपयोग लष्करी इस्पितळ म्हणून झाला आणि संग्रहालय १० जानेवारी १९२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे कलासंग्रह इथे आले. म्हणजे ज्या घराण्याने पाहुण्यांना राहायला जागा दिली, त्याच घराण्याने त्यांना पाहायलाही पुष्कळ काही दिले. १९९८ मध्ये संग्रहालयाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे नाव मिळाले. जवळच्या चौकातला सातव्या एडवर्डचा काळा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये बसवला गेला होता. १९६५ मध्ये तो भायखळ्याला हलवला, तरी परिसराचे नाव 'काळा घोडा' तेच राहिले. १९३३ मध्ये रीगल चित्रपटगृह उघडले आणि १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून दरवर्षी याच रस्त्यांवर भरतो.

समुद्राच्या बाजूचे सर्वांत जुने आकर्षण म्हणजे घारापुरी. बंदरापासून सुमारे दहा किलोमीटरवरच्या या बेटावर साधारण सहाव्या शतकात कोरलेली शैव लेणी आहेत. मुख्य लेण्यातील सदाशिवाचे त्रिमुख, सुमारे वीस फूट उंचीचे, भारतीय शिल्पकलेचे परमोच्च शिखर मानले जाते. बेटावरच्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्याला 'एलिफंटा' म्हटले. तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, आणि काळा घोडाही तिथेच. १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गेटवेच्या धक्क्यावरून लाँचने तासाभरात घारापुरी गाठता येते. अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँचही इथूनच सुटतात; पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक थांबते.

स्वातंत्र्यानंतर या जागेचा अर्थ बदलला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्री या ब्रिटिश रेजिमेंटची पहिली बटालियन गेटवेच्या कमानीखालून जहाजाकडे गेली आणि भारतातून ब्रिटिश सैन्याचे प्रस्थान पूर्ण झाले. राजा ज्या पायऱ्यांवर उतरला होता, तिथूनच त्याच्या सैन्याने निरोप घेतला. २६ जानेवारी १९६१ रोजी समोरच्या पटांगणात छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. पुढे विमानप्रवास वाढला आणि पाहुणे सांताक्रूझला उतरू लागले. किनाऱ्यावरच्या हॉटेलाचा बंदराशी असलेला जुना धागा तुटला. तरी लोक येत राहिले, कारण आता ते समुद्र आणि शहर पाहायला येत होते. ग्रीन्सच्या जागी ताजचा उंच मनोरा उभा राहिला आणि १९७३ मध्ये तो पाहुण्यांसाठी खुला झाला.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात ताज हे एक प्रमुख लक्ष्य होते. हल्लेखोर समुद्रमार्गेच आले होते. हॉटेलात पाहुणे आणि कर्मचारी मिळून अनेकांचे प्राण गेले; जुन्या इमारतीचा घुमट ज्वाळांनी वेढलेला जगाने पाहिला. पाहुण्यांना वाचवण्यासाठी कर्मचाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला. मनोऱ्याचा भाग त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाला आणि जुनी इमारत दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी. प्लेगच्या सावटात जन्मलेल्या हॉटेलाने दुसऱ्यांदा संकटातून उठून दार उघडले.

२०१८ मध्ये जवळच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वॉटसन्सची इमारत आज 'एस्प्लनेड मॅन्शन' या नावाने जीर्ण अवस्थेत उभी आहे. ताज मात्र चालू आहे, आणि भाऊच्या धक्क्यापासून पालव्यापर्यंतचा किनाराही अजून कामात आहे. बोटीतून येणारा साहेब, युद्धातून परतलेला जखमी सैनिक, घारापुरीला निघालेले शाळेच्या सहलीतले मूल आणि समुद्राकडे उघडणाऱ्या खोलीत राहिलेला परदेशी पाहुणा, या सर्वांना पालव्याने उतरायला जागा दिली. म्हणूनच बंदराचे जहाजांशी असलेले नाते ओसरल्यावरही 'बंदर' हे नाव सार्थ राहिले आहे.